तात्पुरतं, नंतर काढणे

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा नेमकं काय काम करतो, हे आमच्या घरात कुणालाच धड सांगता यायचं नाही. "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढं बोलून सगळे मोकळे व्हायचे, जणू तो आत शिरूनच बसलाय. मी मात्र एकदा त्याला समोर बसवून विचारलं. चौतीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. ज्याला आपलं काम दुसऱ्याला सांगता येत नाही त्याला ते स्वतःलाही कळलेलं नाही, असं मी सरळ धरून चालते. त्याला सांगता आलं.

"ताई, तुम्ही बहिणीला फोन करता तेव्हा काय करता?"

"तिचं नाव दाबते."

"आणि फोन कुठं लागतो?"

"तिला लागतो. कुठं लागणार?"

"तिला नाही, तिच्या नंबरला. नाव तुमच्या सोयीसाठी, यंत्राला फक्त नंबर कळतो. मधे कुणीतरी नावावरून नंबर काढून द्यायचा असतो. आमच्या ऑफिसात शंभरावर यंत्रं आहेत. प्रत्येकाला नाव, प्रत्येकाला नंबर. कुठल्या नावाचा कुठला नंबर हे सांगायला एक वेगळं यंत्र बसवलेलं असतं. त्यानं चुकीचं सांगितलं की माणसं भलत्याच दारावर जाऊन ठोठावतात, आणि आतून कुणी ओ देत नाही म्हणून मला फोन करतात."

"थोडक्यात, तू पत्ते सांगतोस."

"तसंच म्हणा."

तेव्हापासून तो पत्तेवाला झाला. मी ठेवलेलं नाव बहिणीनं उचललं, मग शेजाऱ्यांनी. त्याच्या आईनं ते 'पट्टेवाला' असं ऐकलं आणि आठवडाभर ती घुश्श्यात होती. एवढा शिकलेला मुलगा, त्याला शिपाई कुणी केलं आणि आपल्याला कुणी कळवलंही नाही, म्हणून. तिची समजूत घालायला त्याला ऑफिसचं ओळखपत्र दाखवावं लागलं. तरी ती शेवटपर्यंत थोडी साशंकच होती.

औषधं पोचवणाऱ्या एका कंपनीचं ते ऑफिस. चार मजले. दवाखान्यांच्या मागण्या तिथं यायच्या आणि तिथून गोदामांकडे जायच्या. दुसऱ्या मजल्यावर बिनखिडकीची एक थंडगार खोली होती, तिथं मोठी यंत्रं. त्यांना सर्व्हर म्हणतात. खोलीमुळे पत्तेवाला बाराही महिने बिनबाह्यांचा स्वेटर घालायचा आणि बाहेर आला की घामाघूम व्हायचा. उंच, जरासा वाकलेला, बोलायला संथ. त्याच्या संथपणानं माझा जीव जायचा. मी प्रश्न विचारला की तो आधी माझ्याकडे बघायचा, मग छताकडे, मग उत्तर द्यायचा. पण उत्तर बरोबर असायचं, हे कबूल केलं पाहिजे.

सर्व्हरना त्यानं नावं दिली होती ती घरातल्यासारखी. थोरला, मधली, शेंडेफळ. थोरला सगळ्यांत महत्त्वाचा, बाहेरून आलेल्या माणसाला बाकी यंत्रांकडे जायचं तर आधी थोरल्यात शिरावं लागे. बहिणीला तो फोनवर सांगायचा, "आज उशीर होईल, थोरला रुसलाय," आणि शेजारीण समजायची की दिरांचं काहीतरी बिनसलंय.

लोक त्याच्याकडे येऊन एकच वाक्य बोलायचे, "नेट बंद आहे." हा त्यांना ठरलेले तीन प्रश्न विचारायचा. नेमकं काय दिसतंय? दुसऱ्या कुणाचं चालतंय का? कालपासून काय बदललं? तिसऱ्या प्रश्नाला सगळे म्हणायचे, काहीच बदललं नाही. "सगळे खोटं बोलतात," तो मला म्हणायचा, "पण मुद्दाम नाही. त्यांना माहीत नसतं."

त्यांना मूल झालं नाही. त्याचं दुःख त्यांनी आपापसांत काय केलं ते मला माहीत नाही, आम्हाला दाखवलं नाही एवढं खरं. संध्याकाळी दोघं खरे पत्ते खेळत बसायची. बहीण डाव हरली की पानं टाकून म्हणायची, "पत्तेवाले, तुम्ही पिसतानाच गडबड करता," आणि तो गंभीरपणे म्हणायचा, "पुरावा दाखव." वर्षानुवर्षं हाच संवाद. मी तिथं असले की मला कंटाळा यायचा. आता वाटतं, आणखी थोडं बसले असते तर बिघडलं असतं का काही.

बहीण आजारी पडली ती पंचावन्नाव्या वर्षी. खरं म्हणजे तीन वर्षांपूर्वीच एक ऑपरेशन झालं होतं, ती त्यातून उठली, पुन्हा कामाला लागली. यंदा ते दुखणं यकृतात निघालं. डॉक्टर बरा माणूस होता, गोलगोल बोलला नाही. म्हणाला, घरी न्या, दुखणार नाही एवढं मी बघतो, दीड-दोन महिने धरा.

घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याला सांगितलं. मी तिथंच उशीचा अभ्रा बदलत होते.

"मी जाईन तेव्हा तुम्ही घरात असा."

"असं काय बोलतेस."

"ऐकून घ्या. हात धरून बसा असं म्हणत नाही, ते सिनेमातलं मला नको. मला लाज वाटेल. फक्त घरात असा. आतल्या खोलीत काम करत असलात तरी चालेल."

तो माझ्याकडे बघून, मग छताकडे बघून म्हणाला, "असेन."

त्याचे साहेब दुष्ट नव्हते, पण त्यांना सगळे डोळ्यांसमोर लागत. रिकामी खुर्ची दिसली की त्यांना काम थांबल्यासारखं वाटे. पत्तेवाल्यानं त्यांच्याकडे घरून काम करायची परवानगी मागितली. तोवर त्या ऑफिसात ती कुणालाच नव्हती. साहेबांनी दिली, वर म्हणाले, "जोवर काम अडत नाही तोवर. एकदा अडलं की मग मला इतरांना उत्तर द्यावं लागेल." त्यानं मान डोलावली. काम अडू द्यायचं नाही, एवढीच काय ती अट. आणि आयुष्यात त्यानं दुसरं केलं काय होतं?

आतल्या खोलीत टेबल लागलं. लॅपटॉपच्या बारक्या बटणांवर त्याची बोटं अडकायची, म्हणून एक जुना जाडजूड कीबोर्ड जोडला. घरातून ऑफिसात जायचा रस्ता असा होता: लॅपटॉपमधून आधी एक बंद वाट काढायची, तिला ते लोक बोगदाच म्हणतात, बोगद्यातून ऑफिसात उतरायचं, मग थोरल्याला नावानं हाक मारायची आणि त्याच्यात शिरायचं. एकदा शिरलं की दुसऱ्या मजल्यावरच्या त्या थंड खोलीत बसल्यासारखंच. मी हे शेजारी बसून बघितलंय. तो इथं खुर्चीत, आणि चार मजले त्याच्या बोटांवर.

दोन्ही खोल्यांमधलं दार उघडं असायचं. त्या जुन्या कीबोर्डचा आवाज असा की टाइपरायटरनं लाजावं. मी बहिणीला म्हटलं, त्रास होत असेल तर सांगते त्याला. ती म्हणाली, "असू दे. तो थांबला की मला कळतं, ते अडलेत. पुन्हा सुरू झाला की कळतं, सुटलं." पाच आठवडे ती हे ऐकत पडून होती. मी मुक्कामालाच आले होते. सकाळी नर्सबाई यायची ती संध्याकाळपर्यंत थांबायची. दिवस वाईट होते, पण त्यांना एक घडी बसली होती, आणि ती घडी आम्हा तिघांनाही मोडायची नव्हती.

सहाव्या आठवड्यातला सोमवार. सकाळी साडेआठला तो टेबलाशी बसला. बोगदा उघडला, थोरल्याला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. नाही. लॅपटॉप बंद करून चालू केला. नाही. मी चहा ठेवायला गेले तेव्हा पडद्यावर एकच ओळ खाली खाली उमटत होती.

"काय झालं?"

"थोरला बोलत नाही."

"मेला का?"

"बघतो." त्यानं ऑफिसात फोन लावला. त्याच्या शेजारच्या टेबलावर लोकांच्या तक्रारी लिहून घेणारी बाई बसते, तिला. फोन टेबलावर ठेवून मोठ्यानं बोलत होता, म्हणून मला दोन्ही बाजू ऐकू आल्या.

"थोरला चालू आहे का?"

"आहे की. सगळे कामं करतायत."

"कुणाची तक्रार?"

"कुणाची नाही. तुमचीच पहिली."

"शनिवारपासून काय बदललं?"

"काहीच नाही."

ते सगळे खोटं बोलतात हे त्याला ठाऊक होतं. पण समोर पडद्यावर थोरल्याचा नंबर दिसत होता, आणि तो बरोबर होता. निदान त्याला पाठ होता तोच होता. म्हणजे नाव बरोबर, नंबर बरोबर, थोरला जिवंत, ऑफिसातून सगळ्यांना दिसतो आणि फक्त घरून दिसत नाही. त्यानं हिशेब असा मांडला की बोगद्याच्या त्या टोकाला कुणीतरी त्याची वाट अडवली आहे. मुद्दाम किंवा चुकून. आणि मुद्दाम असेल तर कुणी, याचं उत्तरही त्याच्या तोंडावर दिसत होतं: साहेब.

शुक्रवारीच त्यानं पाहिलं होतं, थोरल्याच्या पोटातली जागा संपत आली होती, आणि ती साफ करणं ऑफिसात दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. दुपारी दोनच्या आत ती मोकळी केली नाही तर दवाखान्यांच्या मागण्या घेणं बंद पडलं असतं. मग काम अडलं असतं, आणि मग परवानगी गेली असती. उरलेले सगळे दिवस त्याला ऑफिसात बसावं लागलं असतं.

तो बहिणीच्या पलंगाशी गेला. ती झोपेच्या गुंगीत होती. मग माझ्याकडे आला.

"ताई, जाऊन येतो. आजचा एक दिवस गेला तर बाकीचे वाचतील."

"जा," मी म्हटलं. "मी आहे."

त्याचं गणित मला पटलं होतं, हे मी इथं लिहून ठेवते. कुणालाही पटलं असतं. तो लॅपटॉप पिशवीत घालून दहाच्या बसनं गेला. ऑफिस चाळीस मिनिटांवर.

ऑफिसात त्यानं स्वतःच्या टेबलावरच्या यंत्रावरून थोरल्याला हाक मारली. थोरला लगेच उघडला. जागा साफ करायचं काम त्यानं तिथंच लावून दिलं, म्हणजे दोन वाजताचं संकट टळलं. तेवढ्यावर तो उठून घरी आला असता. पण मग उद्या? उद्या पुन्हा तेच. आता त्याची खात्री पटली की वाटच बंद केली आहे. तो साहेबांकडे गेला. हे सगळं मला त्या तक्रारवाल्या बाईनं नंतर सांगितलं, काचेचं दार होतं म्हणून.

"माझी बाहेरून येण्याची वाट तुम्ही बंद करायला सांगितलीत का?"

"मी कशाला सांगू? मला त्यातलं काही कळतं का?"

"मग कुणी केली?"

"अहो, तुमचं काम तुम्हाला माहीत. मी परवानगी दिली ना? दिलेली परवानगी मी मागच्या दारानं काढून घेतो असं म्हणायचंय तुम्हाला?"

संथ माणूस चिडला की त्याला थांबता येत नाही. अर्धा तास गेला. आणि त्या अर्ध्या तासात साहेबांच्या टेबलावर, शुक्रवारपासून, एक पत्र पडलेलं होतं. बाहेरून कामाला लावलेल्या मंडळींचं, शनिवारी सगळ्या सर्व्हरचे नंबर बदलणार म्हणून. पत्रात लिहिलं होतं, सगळे जण नावानंच हाक मारतात, त्यामुळे कुणाला फरक जाणवणार नाही. साहेबांनी पहिली ओळ वाचून, फरक पडणार नाही ना, मग ठीक, असं म्हणून ते बाजूला ठेवलं होतं.

सव्वाबाराला मी त्याला फोन केला.

"तिचा श्वास बदललाय. थांबून थांबून येतोय. नर्सबाई म्हणते, आज नाहीतर उद्या."

"आज का उद्या, ताई?"

"मी काय वेळापत्रक आहे का?"

मागून यंत्रांच्या पंख्यांची घरघर ऐकू येत होती. "अर्धा तास द्या. बोगद्याचे नियम एकेक करून बघतोय, सापडत आलंय. हे सुटलं की मी उद्यापासून तिथून हलत नाही."

"बरं," मी म्हटलं.

मी आयुष्यभर माणसांना हुकूम सोडले. मुलांना, मुख्याध्यापकांना, भाजीवाल्याला, या पत्तेवाल्याला तर हजार वेळा. त्या दिवशी "ताबडतोब निघ" एवढंच म्हणायचं होतं, आणि मी म्हटलं, बरं. सव्वाबाराला निघाला असता तर एकच्या सुमाराला दारात असता.

सव्वा वाजता बहिणीनं डोळे उघडले. चांगले उघडले. माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं.

"कुठं आहेत?"

मी खोटं बोलत नाही. चांगुलपणा वगैरे काही नाही, मला तेवढा धीर धरवत नाही. पण मी म्हटलं, "आत आहे. काम करतोय."

ती ऐकत राहिली. तिचं ऐकणं मला दिसत होतं. भुवया जरा वर गेल्या होत्या.

"आवाज नाही."

"अडलं असेल काहीतरी. थांब, बघून येते."

मी आतल्या खोलीत गेले. लॅपटॉप नव्हता. तो जाड कीबोर्ड टेबलावर तसाच होता, त्याची वायर टेबलाखाली लोंबत होती, कशालाच न जोडलेली. मी खुर्ची ओढून बसले आणि टाइप करायला लागले. काय टाइप करायचं सुचेना, म्हणून सतराचा पाढा टाइप केला. सतरा, चौतीस, एक्कावन्न. मला दोनच बोटांनी येतं. तो दहाही बोटांनी करायचा, म्हणून मी हात जोरात आणि भरभर चालवला. मधेच थांबले, कारण तोही थांबायचा. मग पुन्हा सुरू केलं. बाहेरून ती काहीतरी म्हणाली. नर्सबाईनं नंतर सांगितलं, ती म्हणाली, "सुटलं वाटतं." मी एकोणिसाचा पाढा घेतला, मग तेविसाचा. उठून तिच्याजवळ जावं असं वाटत होतं, आणि उठले तर आवाज थांबेल. एकोणतिसाच्या पाढ्याच्या मध्यावर नर्सबाई दारात येऊन उभी राहिली. मी हात मांडीवर घेतले. एक वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

अशी ती गेली, आणि तिची बहीण शेजारच्या खोलीत बसून पाढे बडवत होती.

मी पलंगाशी जाऊन उभी होते. फोन हातात घेतला होता, नंबर दाबला नव्हता. तेवढ्यात तोच वाजला.

"ताई, सापडलं." त्याच्या आवाजात मी कित्येक आठवड्यांत ऐकला नव्हता असा आनंद होता. "वाट कुणीच अडवली नव्हती. माझ्याच लॅपटॉपमध्ये होतं. बावळट आहे मी. निघालो आता."

"ये," मी म्हटलं.

"ती..."

"ये घरी."

काय सापडलं ते त्यानं मला तेरा-चौदा दिवसांनी सांगितलं. सगळे येऊन गेले होते, घर पुन्हा रिकामं झालं होतं. त्यानं कागद घेतला, दोन चौकोन काढले, अगदी त्या पहिल्या दिवसासारखं समजावून. नाव सांगितलं की नंबर देणारं मोठं यंत्र ऑफिसात असतं, हे मला माहीत होतं. पण प्रत्येक यंत्राच्या खिशात एक छोटी वहीही असते. हाक मारायची झाली की यंत्र आधी आपल्या खिशातली वही बघतं. त्यात नाव सापडलं तर ते त्या मोठ्या यंत्राला विचारतच नाही. बहुतेकांची वही कोरी असते. ती भरायला कुणी जात नाही, या कामातली माणसं सोडून.

तीन वर्षांपूर्वी बहिणीचं पहिलं ऑपरेशन झालं, तेव्हा तो दवाखान्याच्या व्हरांड्यात लॅपटॉप घेऊन बसला होता. ऑफिसात मजल्यांची हलवाहलव चालली होती, नावं सांगणारं यंत्र कधी बोलायचं, कधी नाही. ऑपरेशन चालू असताना त्याला उठून जायचं नव्हतं. म्हणून त्यानं खिशातल्या वहीत एक ओळ लिहिली. थोरला, आणि पुढे त्याचा नंबर. ओळीच्या शेवटी स्वतःसाठी शेरा: तात्पुरतं, नंतर काढणे. खाली तारीख.

"मग काढली का नाहीस?"

"नंबर बरोबर होता ना, ताई. बरोबर असलेली गोष्ट टोचत नाही."

तीन वर्षं तो नंबर खरा होता. शनिवारी तो बदलला. ऑफिसातल्या सगळ्या यंत्रांनी त्या मोठ्या यंत्राला विचारलं, त्यांना नवा नंबर मिळाला, ती कामाला लागली. याच्या लॅपटॉपनं कुणालाच विचारलं नाही. त्याला वाटत होतं, आपल्याला माहीत आहे.

बोगद्याचे नियम सगळे जागच्या जागी निघाले, तेव्हा शेवटचा उपाय म्हणून त्यानं लॅपटॉप सरळ ऑफिसच्या वायरीला जोडला. बोगदा मधे नाहीच. तरी थोरला उघडेना. "तेव्हा मला कळलं की मी दारात उभा राहून सगळ्या गल्लीवर आळ घेतलाय," तो म्हणाला. वही उघडली, ओळ दिसली, शेरा दिसला. ती पुसायला दोन सेकंदं लागली.

"मी तिला नेमकं विचारायचं तेच विचारलं नाही," तो म्हणाला. मला वाटलं बहिणीबद्दल बोलतोय. तो तक्रारवाल्या बाईबद्दल बोलत होता. "थोरल्याचा नंबर काय दिसतोय, एवढं वाचून दाखवा म्हटलं असतं, तर पावणेनऊलाच मिटलं असतं. पाठ होता म्हणून विचारला नाही."

मी त्याला म्हटलं, तुझा दोष नाही. तो म्हणाला, "ताई, दोष शोधणं हा माझा धंदा आहे. कुठं आहे ते मला कळतं."

कामावर परत गेला तो पहिले चार दिवस त्यानं दुसरं काहीच केलं नाही. तळमजल्यापासून चौथ्यापर्यंत प्रत्येक टेबलाशी गेला, माणसाला उठवलं, यंत्राच्या खिशातली वही उघडली. एकशे सव्वीस यंत्रं. एकोणीस ठिकाणी जुन्या ओळी सापडल्या, कधीच्याच काढून टाकलेल्या यंत्रांच्या, म्हणून कुणाचं अडलं नव्हतं. सतरा त्याच्याच हातच्या, प्रत्येकीपुढे तोच शेरा. लोकांना वाटलं, बिचाऱ्याचं डोकं फिरलं. तक्रारवाल्या बाईनं सगळ्यांना दटावलं की गप्प उठा आणि त्याला बसू द्या. साहेबांनी त्याला बोलावून सांगितलं की आता आठवड्यातून दोन दिवस सगळ्यांनाच घरून काम करायला हरकत नाही, तसा नियमच काढलाय. नियम निघाला, अर्धं ऑफिस घरून काम करतं. हा एकटा रोज जातो. साहेबांना म्हणाला, घरी काय आहे?

मी रविवारी त्याच्याकडे जाते. दोन महिने मी जात होते, आणि दोन महिने तो विचारायचं टाळत होता. एका रविवारी चहाचे कप विसळता विसळता, माझ्याकडे पाठ करून, त्यानं विचारलं.

"तिनं विचारलं का माझं?"

मी खोटं बोलत नाही, असं वर लिहिलंय. एकदा बोलले तेवढं पुरे. मी सगळं सांगितलं. कुठं आहेत म्हणाली, आत आहे म्हटलं, आवाज नाही म्हणाली, मग मी आत जाऊन काय केलं तेही. तो विसळायचं थांबला. नळ चालूच राहिला.

"काय टाइप केलंत?"

"पाढे. सतराचा, एकोणिसाचा, तेविसाचा. एकोणतिसाचा अर्धा."

"वायर तर जोडलेली नव्हती."

"नव्हती."

"तिला वाटलं, मी घरात आहे."

"हो. सुटलं वाटतं, म्हणाली."

त्यानं नळ बंद केला. कप पालथे घातले, फडक्यानं ओटा पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला. रडेल असं मला वाटलं, पण तो रडला नाही. आत जाऊन टेबलाशी उभा राहिला, कीबोर्डवरून हात फिरवला, एक बटण दाबलं आणि त्याचा आवाज ऐकला. मग बाहेर येऊन माझ्यासमोर बसला.

मलाही एक सांगायचं होतं. मला लांबण लावता येत नाही.

"सव्वाबाराला मी फोन केला तेव्हा तू अर्धा तास मागितलास, आणि मी बरं म्हटलं. मी तुला बोलावून घ्यायला हवं होतं."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग छताकडे. बराच वेळ छताकडे. मी वाट बघत होते की तो म्हणेल, जाऊ द्या ताई, तुम्हाला कुठं माहीत होतं. असंच म्हणतात माणसं. मी त्याच्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

"बोलावलं असतंत तर आलो असतो," तो म्हणाला.